स्त्रीपुरुषतुलना : वऱ्हाडांतील एक कैफियत

जुन्या कागदांच्या संशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत १८८२ सालच्या छापील पुस्तकाची चर्चा कशास, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल, व तो गैर म्हणतां येणार नाहीं. महजर, निवाडपत्रें, सनदा, बखरी, पोथ्या हा आमच्या मंडळींचा नित्याचा विषय. छापखान्यांतून निघालेलें पुस्तक सर्वांस सुलभ, त्यांत शोधावयाचें काय, अशी समजूत रूढ आहे. परंतु ज्या पुस्तकाच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या आणि जें पुढें ९० हून अधिक वर्षें फारसें कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं, तें दुर्मिळपणांत पुष्कळ पोथ्यांच्या पंक्तीस बसणारें आहे. तथापि आमचें मुख्य म्हणणें दुर्मिळपणाविषयीं नाहीं. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' ही संतापाच्या भरांत लिहिलेली पुस्तिका म्हणून बहुधा वाचली जाते. संताप तिच्यांत आहे, आणि तो भरपूर आहे. पण आमच्या मतें ती मुळांत एक कैफियत आहे. कचेरींत दाखल होणाऱ्या कागदाची घडण तिच्यांत आहे. आणि वऱ्हाडांतील कचेरीच्या सावलींत वाढलेल्या बाईनें ती लिहिली, हें ध्यानांत घेतल्यावांचून तिचा अर्थ पुरता लागत नाहीं.

पुस्तक पुण्यास श्री शिवाजी छापखान्यांत छापलें; किंमत ९ आणे. पुण्यास छापलें एवढ्यावरून सूचीकार तें पुण्याच्या सुधारकी वाङ्मयांत टाकून मोकळे होतात. लेखिका मात्र बुलढाण्याची. तिचे वडील बापूजी हरि शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क होते; सत्यशोधक मताचे होते; सुशिक्षित एतद्देशीयांस उद्देशून १८७१ सालीं त्यांनीं स्वतःहि एक पुस्तक प्रसिद्ध केलें होतें. चार भावांत ताराबाई ही एकुलती बहीण. मुलींची शाळा जवळपास नव्हती, तेव्हां मराठी, संस्कृत व इंग्रजी हीं तिला वडिलांनींच घरीं शिकविलीं. घराणें मराठ्याचें, म्हणजे बाईमाणसानें उंबरठा ओलांडावयाचा नाहीं अशा रीतीचें. पण नवरा घरजांवई असल्यामुळें लग्नानंतरहि ती बापाच्या घरींच राहिली. सासरच्या जाचांतून सुटलेली, शिकलेली, आणि तरीहि घराच्या चार भिंतींत राहणारी अशी ही विलक्षण स्थिति होय. आपण घरांत कोंडलेली, अल्पबुद्धीची, पहिल्यानेंच लेखणी धरणारी बाई आहों, असें तिनें आरंभीं सांगितलें आहे. तें विनयाचें शिष्टाचारी बोलणें समजून वाचकानें पुढें जाऊं नये. अर्जदारानें प्रथम आपली हकीगत द्यावयाची, ही कचेरीची रीत आहे.

येथें वऱ्हाड प्रांताच्या तत्कालीन स्थितीचा थोडा खुलासा आवश्यक आहे. १८५३ च्या तहानें हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला, पण मालकी निजामाचीच राहिली. १८६० नंतर त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचें मुख्य ठाणें अमरावती, पश्चिमेचें अकोला. बुलढाण्याकडील मुलूख पश्चिम वऱ्हाडांतून पुढें निराळा काढला गेला. कायद्याच्या दृष्टीनें हा प्रांत ब्रिटिश हिंदुस्थानांत मोडत नव्हता. कलकत्त्यास झालेला कायदा येथें आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर-जनरलच्या हुकुमानें तो लावावा लागे. वऱ्हाडची बाई नांवानें निजामाची रयत, आणि तिचा न्याय करणारा अंमलदार इंग्रज. अमरावतीच्या व अकोल्याच्या कचेरींत बसणाऱ्या कारकुनास ही गोष्ट रोजच्या कामांत ठाऊक असे कीं कायदा हा आकाशांतून पडत नाहीं. तो कोणीतरी, कोणत्यातरी हुकुमानें, कोणाला तरी लावतो. हेडक्लार्काच्या मुलीच्या कानांवर हें पडत असावें, असें आम्हीं धरलें तर तें धाडसाचें होणार नाहीं. अनुमान आमचें आहे, व तें अनुमान म्हणूनच येथें दिलें आहे.

आतां ग्रंथाचें निमित्त. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाचा खून केल्याचा आरोप शाबीत होऊन तिला फांशीची शिक्षा झाली. पुढें अपिलांत ती शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्यावर आली, व नंतर आणखी कमी होऊन ५ वर्षांवर आली. प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजलें. पुण्याच्या 'पुणेंवैभव' पत्रानें या निमित्तानें विधवांच्याच नव्हे तर एकंदर स्त्रीजातीच्या आचरणावर कोरडे ओढले. ताराबाईंची लेखणी त्यावर उठली.

त्या खटल्यांत जें घडलें त्याचा कायदेशीर सांगाडा पाहावा. १८६० चा पिनल कोड १८६२ पासून अंमलांत आला होता. ज्या हातानें अर्भकाचा जीव घेतला त्या हातावर कोडाचा रोख. तसें पाहिलें तर त्यांत चूक नाहीं, खून तो खून. परंतु मुलास बापहि असतोच. त्याला कोर्टांत आणण्यास चिथावणीचा किंवा साहाय्याचा पुरावा लागतो, आणि लपविण्यासारखें ज्यांत सर्व आहे अशा प्रकरणांत तो पुरावा मिळत नाहीं. बाईचें शरीर हाच तिच्याविरुद्ध साक्षीदार होतो. पुरुषाचें शरीर कांहीं बोलत नाहीं. विधवेनें पुनः लग्न करूं नये ही जातीची आज्ञा, आणि आज्ञा मोडून झालेल्या मुलाचा जीव घेऊं नये ही सरकारची आज्ञा. या दोन आज्ञांच्या कातरींत एकच माणूस सांपडतें. १८६३ च्या सुमारास जोतीराव फुल्यांनीं पुण्यास बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें तें हीच कातर थोडी सैल करण्यासाठीं.

ताराबाईंचा ग्रंथ त्या खटल्याचें वकीलपत्र घेत नाहीं, हें आमच्या टीकाकारांच्या नजरेंतून निसटलें आहे. विजयालक्ष्मी निर्दोष होती असें त्या म्हणत नाहींत. त्या खटल्याची बाजूच बदलतात. प्रश्न ती बाई वाईट कीं चांगली हा नसून, एकच दोष दोघांच्या ठायीं असतां मोजण्याचीं मापें दोन कां, हा आहे. पुस्तकाचें नांव 'तुलना' असें ठेविलें तें शोभेसाठीं नव्हे. तागडींत दोन पारडीं लागतात. वर्तमानपत्रकारानें एकाच पारड्यांत वजन टाकून निकाल सांगितला होता.

हें काम त्या कसें करितात तें पाहण्याजोगें आहे. भर्तृहरीच्या शृंगारशतकांत स्त्रीनिंदेचा एक प्रसिद्ध श्लोक आहे. बाईच्या ठिकाणीं संशय, उद्धटपणा, साहस, कपट इत्यादि दोष वसतात असें त्यांत सांगितलें आहे. शास्त्री, पुराणिक, नाटककार सर्वांच्या तोंडीं तो असे. ताराबाईंनीं त्याचा उपयोग आरोपपत्रासारखा केला आहे. एकेक कलम घ्यावयाचें, त्यास जबाब द्यावयाचा, आणि तेंच कलम उलट फिर्यादीवर लावून दाखवावयाचें. संशय कोण घेतो? घरांतील बायकांवर पहारा ठेवणारा कोण? साहसाचीं कृत्यें, राजद्रोह, दगे, खोटे दस्तऐवज यांसाठीं तुरुंगांत कोणाची भरती अधिक? मुलीला भुलवून नेऊन मग बाजारांत सोडून देणारा कोण, आणि त्या बाजारांतील बाईला नांवें ठेवणारा कोण? प्रत्येक ठिकाणीं पुरावा रोजच्या व्यवहारांतला आहे, शास्त्रांतला नव्हे. कलमवार जबाबाची ही पद्धति आमच्या वाचकांस अपरिचित नसावी. वतनाच्या कज्ज्यांत वादीची तक्रीर व प्रतिवादीचा जबाब ज्या क्रमानें येतो, तोच हा क्रम. फरक इतकाच कीं येथें प्रतिवादी म्हणून उभी केलेली व्यक्ति जबाब देतां देतां वादी होते.

पुराणें व काव्यें यांसहि त्यांनीं साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें केलें आहे. सावित्रीनें नवऱ्यासाठीं यमाची पाठ धरली, तर बायकोसाठीं यमाच्या दारापर्यंत गेलेला एक तरी पुरुष दाखवा, हा त्यांचा उलटतपासणीचा प्रश्न आजहि निरुत्तर करणारा आहे. देवादिकांच्या कथाहि त्यांनीं सोडलेल्या नाहींत. त्याच ओघांत त्या आपल्या काळच्या कादंबऱ्या व नाटकें तपासतात. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. त्या वेळीं वाचकांनीं डोक्यावर घेतलेलीं हीं पुस्तकें. त्यांत बायका कशा रंगविल्या आहेत व कां, हें विचारणारी टीका मराठींत याआधीं किती होती? मराठी कादंबरीच्या टीकेचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं हीं पृष्ठें आरंभींच घ्यावयास हवीं, असें आमचें मत आहे. पण तो स्वतंत्र विषय आहे.

भाषेविषयीं दोन शब्द. शास्त्रीबोवांची घटवलेली मराठी ही नव्हे. वाक्य सुरू होतें तें कोठें संपेल याचा भरवसा नाहीं. मध्येंच वाचकास 'अरे' म्हणून हांक मारलेली असते. टोमणा, म्हण, शिवी, देवाचा धांवा हीं एकामागून एक येतात. पुरुषांच्या बुटपाटलोणीची, दारूमांसाची, बाटलेल्या आचाराची थट्टा त्या करतात, व लागलीच विलायती मालामुळें बसलेल्या कारागिरांची गोष्ट काढतात. यास कांहीं जण विस्कळितपणा म्हणतील. आम्हांस तो तोंडी जबानीचा गुण वाटतो. कारकून जबानी लिहून घेतांना ज्या गोष्टी गाळतो त्या येथें गाळलेल्या नाहींत.

आतां आमच्या संग्राहक मित्रांच्या खास परिचयाच्या कागदांकडे वळूं. पेशवाईच्या दप्तरांत बदअमल व शिंदळकी यांचीं प्रकरणें विपुल आहेत. तीं चाळणारास एक गोष्ट सहज दिसते. पुरुषाकडून बहुधा गुन्हेगारी घेतली जाई, म्हणजे पैसा. आणि बाई पुष्कळ प्रकरणांत सरकारची कुणबीण होऊन कोठींत, किल्ल्यावर किंवा कोणाच्या घरीं कामास दिली जाई. एकाच कृत्याची एका बाजूस पावती फाटते व दुसऱ्या बाजूस माणूसच जप्त होतें. पाटदामाची बाब अशीच. विधवेनें पाट लावला तर सरकारास द्यावयाचा तो कर. जमाबंदीच्या यादींत लग्नटक्याशेजारीं तो नांदतो. दोन माणसांनीं एकत्र राहण्याचें ठरविलें, याची नोंद राज्याच्या कागदांत होते ती उत्पन्न म्हणून. त्यांतील बाईची खुषी होती कीं तिला ढकललें होतें, हें रकान्यांत येत नाहीं, कारण तसा रकानाच नाहीं. देवगांवच्या १८०३ च्या तहापर्यंत वऱ्हाडांत भोसले व निजाम यांचा दुअमली कारभार होता. दोन्ही सरकारें वसूल घेत, पण बाईच्या मुखत्यारीची दखल घेणारें तिसरें सरकार कोठें नव्हतें.

हे कागद आम्ही जमवितों, वाचतों, छापतों. त्यांत बाई येते ती नेहमी कोणी तरी तिच्याविषयीं बोलत असतांना. तिची जबानी असलीच तर 'विचारतां कबूल झाली' एवढ्यांत आटोपलेली. 'स्त्रीपुरुषतुलना' ही या साऱ्या दप्तराची गाळलेली बाजू आहे. म्हणून तिला आमच्या त्रैमासिकांत जागा आहे, व ती सौजन्याची नसून हक्काची आहे.

स्तुति येथवर पुरे. ग्रंथाचीं न्यूनें सांगणें हें टीकाकाराचें कर्तव्य आहे, आणि अलीकडे या ग्रंथाविषयीं लिहितांना तें पुष्कळदां टाळलें जातें.

पहिलें न्यून असें. ताराबाई पातिव्रत्याची चेष्टा करितात, पण तें मोडीत काढीत नाहींत. तें पुरुषासहि लावा, असें म्हणतात. बाईला जो नियम तोच पुरुषाला, ही मागणी न्यायाची खरी. परंतु नियम मुळांत कोणी घातला व त्यास त्या दोघांची संमति होती काय, हा प्रश्न तिच्याहून खोल आहे, आणि त्याच्या काठाशीं येऊन त्या थांबतात. विधवेच्या पुनर्विवाहाचा कैवार घेतांना मात्र त्या काठ ओलांडतात. बायको मेल्यावर पुरुष दुसरी करतो तें त्याच्या मनास येतें म्हणून. मग जीव बाईलाहि तितकाच प्रिय असतां तिच्या मनास विचारावयाचें नाहीं काय, असा तो युक्तिवाद आहे. येथें तुलनेचें रूपांतर मुखत्यारीच्या दाव्यांत होतें. दुर्दैवानें तो धागा त्यांनीं पुढें नेलेला नाहीं.

दुसरें न्यून वऱ्हाडच्या वाचकास अधिक खटकेल. कुणबी, माळी इत्यादि जातींत पाटाची चाल होती, आणि वऱ्हाडांत याच जातींची वस्ती मोठी. या बायकांची स्थिति ग्रंथांत पुरेशी आलेली नाहीं. पाट होता म्हणून सर्व सुखाचें होतें असें नव्हे. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानें पुनर्विवाह कायदेशीर ठरविला, पण दुसऱ्या कलमानें पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला. ज्या जातींत पाट पूर्वापार चालत होता त्यांसहि हें कलम लागतें काय, यावर अलाहाबाद व मुंबई येथील हायकोर्टांत पुढें मतभेद झाला. अलाहाबादेस विधवेचा हक्क राहिला, मुंबईस गेला. ब्राह्मण विधवेस मोकळें करण्यासाठीं केलेल्या कायद्यानें कुणबी विधवेच्या हातचें शेत जावें, हा विपर्यास ताराबाईंच्या लेखणीस शोभणारा होता. तो त्यांच्या दृष्टीस आला नाहीं याचें कारण उघड आहे. त्यांचें घर मराठा अव्वल कारकुनाचें होतें.

तिसरी गोष्ट न्यून म्हणावी कीं न म्हणावी, याविषयीं आमचें मन निश्चित नाहीं. ग्रंथ कैफियत आहे खरा, पण ती कोणापुढें दाखल केली? कधीं देवापुढें, कधीं पुरुषांपुढें, कधीं राणीच्या सरकारापुढें. मागणीचें कलम शेवटपर्यंत पक्कें होत नाहीं. याच काळांत मुंबईस रखमाबाईंचा खटला उभा राहिला. ११ व्या वर्षीं लागलेलें लग्न. जाणती झाल्यावर नवऱ्याकडे जाण्यास नकार. १८८४ सालीं दादाजी भिकाजी याचा दावा. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला. अपिलांत तो पुनः उभा राहिला. १८८७ सालीं नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने कैदेंत जा असा हुकूम झाला. आणि १८८८ सालीं २,००० रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाईंचें म्हणणें एका वाक्यांत मावण्यासारखें होतें: ज्या बंधनास मीं जाणतेपणीं रुकार दिला नाहीं तें मजवर लादूं नये. त्यांच्यापुढें कोर्ट होतें, वकील होते, नकार देण्यास एक ठराविक जागा होती. बुलढाण्याच्या घरांत बसून लिहिणाऱ्या बाईस अशी जागा नव्हती. म्हणून तिची कैफियत सर्वांस उद्देशून आहे, आणि म्हणूनच ती कोणत्याहि एका दप्तरांत सांपडत नाहीं.

कायद्याचा पुढील प्रवास फार सावकाश झाला, तो येथें थोडक्यांत नोंदवितों. पिनल कोडाच्या ४९७ व्या कलमांत व्यभिचाराचा गुन्हा परपुरुषावर होता, पण तो नवऱ्याच्या संमतीवांचून केला तरच; फिर्यादीचा अधिकार नवऱ्याचा; बाई आरोपीहि नव्हे व फिर्यादीहि नव्हे, जणूं चोरीस गेलेली वस्तु. हें कलम १८६० पासून सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं रद्द ठरवीपर्यंत टिकलें; २०२४ च्या जुलैपासून अंमलांत आलेल्या न्याय संहितेंत तें नाहीं. रखमाबाईंस ज्या तत्त्वावर घरीं जाण्याचा हुकूम झाला तें तत्त्व मात्र १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या ९ व्या कलमांत उतरलें; १९८३ सालीं आंध्रच्या हायकोर्टानें तें घटनाबाह्य म्हटलें, १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें उचलून धरलें. २०१७ च्या निकालांत व्यक्तीच्या खाजगीपणाचा हक्क मूलभूत मानला गेला. मापें दोन कां, हा १८८२ चा प्रश्न या निकालपत्रांतून निराळ्या शब्दांनीं पुनः पुनः आलेला दिसतो.

ग्रंथ नाहींसा कसा झाला, हेंहि पाहिलें पाहिजे. प्रसिद्ध होतांच त्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनीं १८८५ च्या 'सत्सारा'च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंचा पक्ष घेतला व त्यांस 'चिरंजीविनी' म्हणून गौरविलें. पण ताराबाईंनीं पुढें दुसरें पुस्तक प्रसिद्ध केलें नाहीं. १८९७ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभा अमरावतीस भरली. शंकरन् नायर अध्यक्ष होते. तिच्याबरोबरच्या सामाजिक परिषदेंत न्यायमूर्ति रानड्यांनीं पुनरुज्जीवन कीं सुधारणा या विषयावर प्रसिद्ध भाषण केलें. जुनें परत आणावयाचें तर नेमकें कोणतें, विवाहाचे आठ प्रकार कीं पुत्रांचे बारा, असा त्यांचा सवाल होता. सवाल मार्मिक खरा. परंतु त्याच प्रांतांतील एका बाईनें तोच सवाल १५ वर्षें आधीं अधिक रोखठोकपणें विचारून ठेविला होता, याची आठवण सुधारणेच्या इतिहासांत उरली नाहीं. १९७५ सालीं डॉ. स. गं. मालशे यांनीं ग्रंथ पुनः प्रसिद्ध केला, हे त्यांचे मराठी वाचकांवर मोठे उपकार आहेत. १९९४ सालीं रोझलिंड ओहॅन्लन यांचें इंग्रजी भाषांतर निघालें आणि ग्रंथ देशाबाहेरहि गेला.

येथें एका मोहाविषयीं सावध करणें जरूर वाटतें. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यांतलें. तेथें गोविंदप्रभूंच्या सन्निध महदाइसेनें धवळे रचले. लीळाचरित्रांत बायका घर सोडून येतात, प्रश्न विचारतात, उत्तर पटेपर्यंत विचारतात. संस्कृतांत ग्रंथ केल्यास आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील म्हणून नागदेवानें मराठीचा आग्रह धरला. तेव्हां रिद्धपूर ते बुलढाणा असा एक सरळ धागा ओढावा, असें कोणासहि वाटेल. पण ताराबाईंनीं महानुभाव ग्रंथ पाहिले असण्याचा पुरावा नाहीं. त्या काळीं ते सांकेतिक लिपींत मठांतून बंद होते. एक प्रांत, दोन वेळां, एकमेकांस न ओळखणाऱ्या बायका, एवढेंच म्हणणें सुरक्षित आहे.

शेवटीं एक अनुभव. कांहीं वर्षांपूर्वीं अकोल्यास एका जुन्या वाड्याच्या माळ्यावरील दप्तर पाहण्यास आम्ही गेलों होतों. घरच्या मंडळींनीं मोडी कागदांचे रुमाल कडुनिंबाचा पाला घालून उत्तम राखलेले होते, त्याबद्दल त्यांस धन्यवाद दिले पाहिजेत. त्याच माळ्यावर पूर्वीं छापील पुस्तकांची एक पेटी होती. तिचें काय झालें असें विचारतां, तीं पुस्तकें छापील होतीं म्हणून रद्दींत वजनावर दिलीं, असें उत्तर मिळालें. त्यांत काय होतें हें सांगणारें घरांत कोणी उरलें नव्हतें.

तेव्हां अमरावती, अकोला, खामगांव, मेहकर, बुलढाणा येथील संग्राहकांस आमची विनंति आहे कीं १८७० ते १९०० पर्यंतचीं पुणें व मुंबई येथें छापलेलीं पातळ पुस्तकें, विशेषतः बांधणी सुटलेलीं व मुखपृष्ठ गेलेलीं, दप्तरासह जपून ठेवावींत, व आंतील कागदावर कोणाची सही, तारीख अथवा शेरा असल्यास त्याची नक्कल आमच्याकडे पाठवावी. १८८२ ची मूळ प्रत कोणाकडे निघाल्यास, ती वऱ्हाडांत कोणत्या हातीं फिरली, कोणीं वाचली, समासांत कोणीं काय लिहिलें, हें प्रथमच कळेल. ग्रंथाची मूळ छापील ओळ, विरामचिन्हें व शुद्धलेखन जसेंच्या तसें राखून नवी आवृत्ति काढण्यासहि अशा प्रतीचा उपयोग होईल.